बायोडाटा फायनल नवीन

तेजस्विनीला मी लग्नाचा बायोडाटा पाठवलाय हे लक्षात आलं तेव्हा मेसेजखालच्या दोन्ही खुणा अजून करड्या होत्या. बोट दाबून धरेपर्यंत त्या निळ्या झाल्या. नारायणगावात दादाभाऊंच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात मी बसलो होतो. आमची विहिरीवरची मोटार जळाली होती, ती टेबलावर उघडी पडली होती आणि दादाभाऊ तिच्यातली काळी पडलेली तार ओढून ओढून बाहेर काढत होते. जळक्या वार्निशचा वास नाकात बसला होता. मी आपला सहज फोन बघितला, तर फाईलच्या त्या छोट्या चौकोनात वरच्या बाजूला लाल गणपती दिसला. नोकरीच्या बायोडाटावर गणपती कशाला असेल? फाईल दाबून धरली, ‘सगळ्यांसाठी डिलीट’ असं आलं, आणि तेवढ्यात माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही खुणा निळ्या. म्हणजे तिनं उघडला. आता डिलीट केला तर आणखी शोभा. मी बोट उचललं. “काय झालं रं?” दादाभाऊंनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही, लाईट गेल्यासारखं वाटलं. “लाईट हाय की,” म्हणत त्यांनी वर पंख्याकडं बघितलं आणि परत तार ओढायला लागले.

यात चूक माझी किती आणि मराठी भाषेची किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आमच्याकडं नोकरीला पाठवायचा तो बायोडाटा आणि पोरीच्या बापाला पाठवायचा तोही बायोडाटाच. माझ्या फोनमध्ये एकाचं नाव ‘बायोडाटा फायनल’ आणि दुसऱ्याचं ‘बायोडाटा फायनल नवीन’. तेजस्विनीचा मेसेज आला होता, आमच्या लॅबला एक माणूस पाहिजे, बायोडाटा पाठव. मी नवीन तो चांगला असं धरून चाललो. आणि खरं सांगू का, चांगला होताच तो. जुन्यात अर्धं पान कोरं, ‘अनुभव’ या शब्दापुढं नुसती एक आडवी रेघ. नवीन मात्र भरगच्च. रास, नाडी, मामेकूळ, दोन एकर बागायत, उंची पाच फूट सात इंच, रंग निमगोरा. फोटोत मी फोटोग्राफरचा कोट घालून बर्फाच्या डोंगरासमोर उभा. नोकरी: पुणे येथे खाजगी कंपनीत. पगार: समाधानकारक. हा सुदर्शन मला मनापासून आवडला होता. कधीकधी फोन उघडून मी त्याच्याकडं नुसता बघत बसायचो.

तो लिहिला आमच्या आत्यानं, म्हणजे सांगितला तिनं. कुशा आत्या वडलांची थोरली बहीण. चार पोरींची आणि सात भाच्यांची लग्नं जमवून बसलेली. “लिव्ह,” ती म्हणाली, “नोकरी पुण्याला, खाजगी कंपनीत.” मी म्हणालो, कुठल्या कंपनीत? “नाव कोण इचारतंय? खाजगी हाय ना, मग खाजगीच ऱ्हाऊ दे.” आमच्या आळीत तिशी ओलांडलेले सात जण बाशिंगाची वाट बघतायत, शेती हाय म्हटलं की पोरीकडचे चहासुद्धा पुरा पीत नाहीत, हे मला माहीत होतं, म्हणून मी गप्प लिहीत राहिलो. शेवटी अपेक्षा. मुलगी शिकलेली, मनमिळाऊ, घरकामाची आवड असलेली, नोकरी न करणारी. आता मात्र मी थांबलो. आत्या, आपल्याला कोण देईना, अन् आपल्याच अटी? “अटी नसल्या का लोकांना वाटतं पोरातच खोट हाय,” आत्या म्हणाली. पहिली प्रत आईनं ओझरला नेऊन विघ्नहराच्या पायाशी ठेवली. परत आणली तेव्हा नेमकं ‘खाजगी कंपनी’वर कुंकू सांडलं होतं. मी आईला म्हणालो, अगं, देवापुढं खोटं ठेवलंस. तर ती म्हणाली, “खोटं न्हाई लिवलं. आदी लिवलंय. व्हईल तवा व्हईल खरं.”

तेजस्विनी कळंबची. मंचरला बी.एस्सी.ची तीन वर्षं केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला ती माझ्या टेबलावर होती. ब्युरेटची तोटी माझ्या हातात, खालचा फ्लास्क तिच्या हातात. ती फ्लास्क हलवत राहायची आणि एकदम म्हणायची, थांब. मला नेमकं थांबता यायचं नाही. फिकट गुलाबी व्हायच्या ऐवजी फ्लास्क भडक राणी कलरचा व्हायचा, की चाललं सगळं मोरीत. “परत भर,” ती म्हणायची. चिडायची नाही कधी. माझं लक्ष तोटीवर नसायचंच, तिच्या मनगटावर एक भाजल्याचा जुना डाग होता, त्याच्यावर असायचं. पण हे कुणाला सांगता? तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी जे काही बोललो ते बहुतेक मिलिलिटरमध्येच. शेवटच्या पेपरला गेटपाशी मी धीर करून म्हणालो, बरं मग. ती म्हणाली, “बरं.” आणि एसटीत चढली. त्या एका ‘बरं’वर मी पुढची दोन वर्षं काढली म्हटलं तर लोक हसतील. हसू देत. दुसरं काय होतं माझ्याकडं?

कारण ती दोन वर्षं म्हणजे नुसता वैताग. पुण्यात आठ महिने स्पर्धा परीक्षेचा क्लास. पोलीस भरतीत सोळाशे मीटर पळालो, माझ्या मागं एकच जण, तोही लंगडत. मग चुलतभावाच्या मोबाईलच्या दुकानात काचा चिकटवल्या. मग घरी. सध्या काय चाललंय, असं ज्यानं त्यानं विचारायचं आणि मी म्हणायचं, चाललंय. काय चाललंय ते दोघांनाही माहीत नाही, तरी विचारणारा मान हलवणार, जसं काही त्याला कळलं. आमच्या बोरीत नदीच्या काठाला कुठल्याशा लांबच्या ज्वालामुखीची राख सापडते म्हणे. बाहेरदेशीचे लोक येतात, गुडघ्यावर बसून ती राख पिशव्यांत भरतात, पिशवीवर नंबर घालतात, तारीख घालतात. एकदा मी काठावर बसून दिवसभर ते बघत होतो. राखेलाही नंबर आहे, मनात आलं, तिची कुठंतरी नोंद होतेय, कुणीतरी तिला काचेखाली धरून बघणारंय. आणि आपण इथं बूड टेकून बसलोय, आपल्याला कोण विचारतंय. त्यातल्या एकानं हात करून मला जरा बाजूला सरकायला सांगितलं. फोटोत येत होतो मी. सरकलो.

फोन थरथरला. तेजस्विनीचा मेसेज. ‘वाचला. उद्या अकराला ये.’ एवढंच. ना हसरं तोंड, ना रडकं. मी ते चार शब्द इतक्या वेळा वाचले की त्यांचा अर्थच उडून गेला. वाचला म्हणजे कुठवर वाचला? नाडीपर्यंत? अपेक्षांपर्यंत? तिनं तो नोकरीचाच समजून वाचला असेल का? असं कसं असेल, वर लाल गणपती बसलाय. मग ये कशाला म्हणाली, समोर बसवून हसायला? की... आणि या ‘की’पाशी आल्यावर माझं डोकं गरम व्हायचं आणि मी मागं फिरायचो. नोकरी हातची गेली तर गेली, तिची मला सवय होती. पण एवढे दिवस तिच्या डोक्यात मी कोण होतो? तोटी नीट न धरणारा, पण सरळ पोरगा. आता मी खोटी कंपनी सांगणारा झालो, आणि वर ‘नोकरी न करणारी पाहिजे’ म्हणणारा, तेही नोकरी करणाऱ्या पोरीला पाठवून. तिच्या डोक्यातला तो पहिला पोरगा जगात फक्त तिथंच शिल्लक होता, आणि मी त्याला स्वतःच्या हातानं घालवलं. “तार निघाली बघ सगळी,” दादाभाऊ म्हणाले, “मोटार परवा ने. आणि सध्या काय चाललंय तुझं?” मी चाललंय म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्याच्यानं ते म्हणवेना. “काहीच नाही चाललेलं, दादाभाऊ,” मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. “मग ठीक हाय,” ते म्हणाले, “पोरं खोटंच लई सांगत्यात.”

दुसऱ्या दिवशी वडलांची गाडी घेऊन निघालो. हायवेवर कळंबपर्यंत किती तो वेळ, पण मी दोनदा थांबलो. एकदा पेट्रोलला, जे टाकीत होतं. आणि एकदा उसाच्या गुऱ्हाळाशी, नुसताच. परत फिरावं असं दोन्हीदा वाटलं. मनातल्या मनात मी एक उत्तर तयार केलं होतं आणि त्याला सारखा हात फिरवत होतो: ते घरच्यांनी बनवलंय, मी बघितलंसुद्धा नाही. छान उत्तर होतं. त्यात मी साफ सुटत होतो. घरचे सापडत होते, पण घरच्यांना कोण काय म्हणतं, सगळ्यांचेच घरचे तसले असतात. गाडी लावताना आरशात तोंड बघितलं. निमगोरा! ऊन लागून वांगं झालं होतं.

लॅब म्हणजे रस्त्याला लागून असलेला एक लांबट गाळा. शेतकऱ्यांच्याच एका संस्थेनं काढलेला. लोक आपापल्या शेतातली माती आणून देतात, तेजस्विनी ती तपासून कुठलं खत किती घाला ते लिहून देते. आत भिंतीला लागून ट्रेमध्ये माती वाळत पडलेली: काळी, तांबूस, चुनखडीची पांढुरकी, प्रत्येक ट्रेमध्ये चिठ्ठी, शेतकऱ्याचं नाव, गाव, शेताचा गट नंबर. ओलसर, थंड, चांगला वास होता. तेजस्विनी पांढरा ॲप्रन घालून एका ट्रेमधली ढेकळं लाकडी दस्त्यानं फोडत होती. जराशी बारीक झाली होती. मनगटावरचा डाग तिथंच होता. “बस,” ती म्हणाली, आणि हात धुऊन आली, आणि मी बघतो तर टेबलावर कागद. तिनं प्रिंट काढली होती. कोटातला मी बर्फापुढं उभा राहून गाळ्याच्या छताकडं बघत होतो.

“कुणी बघितला?” मी विचारलं.

“कोणी नाही. माझ्याच फोनवर आलाय ना.” तिनं पेन काढलं. “उंची पाच सात?”

“सहा.”

तिनं सात खोडून सहा केलं, तोंडी परीक्षा घेतात तसं. “पुण्याला खाजगी कंपनीत?”

“नाही.”

“कधी होतास?”

“कधीच नव्हतो.”

तिनं ओळ खोडली. सावकाश खोडली, पट्टी लावल्यासारखी सरळ. मला वाटलं होतं लाज वाटेल, आणि वाटलीच, कान तापले. पण ती ओळ गेल्यावर छातीवरचं काहीतरी उतरलं, तेही खरं. बाहेर ट्रक हॉर्न वाजवत गेला. तिचं पेन खाली खाली येत होतं आणि मला कळत होतं ते कुठं येऊन थांबणार. “नोकरी न करणारी,” तिनं वाचलं. वर बघितलं नाही. “हे कोणी लिहिलं?”

आता. तयार उत्तर जिभेवर आलं होतं. घरच्यांनी. एक शब्द. तो बोललो असतो तर ती कदाचित हसलीही असती, आणि मी परत तो सरळ पोरगा झालो असतो, आणि तिला कधी कळलंही नसतं. मी तिच्या हाताकडं बघत होतो. नखांत माती होती. दोन वर्षं ही पोरगी रोज सकाळी येऊन लोकांच्या शेतातली ढेकळं फोडतेय, हजारभर माणसांना त्यांच्या मातीत काय कमी आहे ते सांगतेय, आणि मी फोनमध्ये ते वाक्य टाईप करताना मला ती आठवलीसुद्धा नव्हती. एका क्षणापुरतीही नाही. हेच मला आता सगळ्यात जास्त टोचलं.

“सांगितलं आत्यानं,” मी म्हणालो. “लिहिलं मी. माझ्या हातानं टाईप केलं. वाचलंही दोनदा.”

“आणि?”

“आणि काही नाही. अक्षर जाड करू का, एवढंच विचारलं मी आत्याला.”

तिनं पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं. मी उठायच्या बेतात होतो. झालं आपलं, गाडीची किल्ली खिशात चाचपली. तेवढ्यात ती म्हणाली, “माझ्यात काय आहे माहितीय?” मला आधी कळेना. “माझ्या बायोडाटात. लग्नाच्या. ‘नोकरी: सध्या करते. लग्नानंतर सासरच्या इच्छेनुसार.’” तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. “पप्पांनी नाही लिहिलं. मम्मीनं नाही. मी लिहिलं. तीन स्थळं परत गेली होती, वाटलं एवढ्यानं अडायला नको. इथं याच कॉम्प्युटरवर, दुपारी, रिपोर्ट टाईप करता करता.” मग हसायला गेली आणि हसू नीट जमलं नाही. “मीही वाचलं दोनदा.”

राग आला. कुणाचा ते कळेना. त्या सासरचा, जे अजून कुठं नव्हतंच. ती तीन स्थळं, त्यांचे चहा, त्यांचे डोंगरापुढचे फोटो. आणि त्या रागात मी तेच केलं जे मी जन्मभर करत आलोय, थांब म्हणायच्या पुढं गेलो.

“तू नोकरी सोडू नकोस,” मी म्हणालो.

“मी कुठं सोडतेय?”

“नाही, म्हणजे, कुणासाठीच सोडू नकोस.”

“कुणासाठीच म्हणजे?”

“म्हणजे... माझ्यासाठीपण.”

बोललो आणि ऐकलं. अरे देवा. नोकरी कोण सोडतंय तुझ्यासाठी, गाढवा? तुला विचारलं कुणी? तेजस्विनीचा चेहरा आधी कोरा झाला, मग कपाळापासून खाली लाल होत गेला. मला बघायला लाज वाटली आणि नजर काढताही येईना. तिनं कागद उचलला, उलटा ठेवला, परत सुलटा ठेवला. “तुला ना,” ती म्हणाली, “तुला खरंच कधी...” आणि पुढचं राहिलंच, कारण दारातून आवाज आला, “हाय का गं बाय कोन?”

एक म्हातारी आत आली. नऊवारी, पायात रबरी चपला, हातात कापडाच्या दुकानाची पिशवी आणि पिशवीत चांगली चार किलो माती. “येवढी नसते आणायची, ठकूबाई,” तेजस्विनी उठत म्हणाली, “अर्धा किलो बास होती.” ठकूबाई खुर्चीत टेकली. “असू दी. माती काय इकत आनलीय? मागल्या साली कांदा नुसता पात पात झाला, खाली बोटाएवढं. बघ म्हनलं काय धाड भरलीय वावराला.” मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. “ह्यो कोन? नवीन ठिवलाय?”

मी उठून उभा राहिलो. जायचं की थांबायचं, काही कळत नव्हतं. तेजस्विनीनं पिशवी कोपऱ्यातल्या ट्रेवर नेली, माझ्याकडं पाठ करून. “ठेवायचं का ते संस्थेचे साहेब शनिवारी बघतील,” ती म्हणाली. आवाज नेहमीचा लावायचा प्रयत्न चालला होता, पण जरा कापत होता. “तोवर नुसतं उभं राहून काय करणारेस सुदर्शन? रजिस्टर घे समोरचं. लिहून घे त्यांचं.”

मी बसलो. रजिस्टर उघडलं. नाव, गाव, गट नंबर, मागचं पीक. अक्षर माझंच, पण जरा मोठं येत होतं. ठकूबाईनं पदराच्या गाठीतून सातबाऱ्याची घडी काढून दिली आणि मी आकडे उतरवायला लागलो. ती माझ्याकडं बघत होती. मग तेजस्विनीकडं बघितलं. मग परत माझ्याकडं. मोकळी बाई, मनात आलं ते बोलून टाकलं.

“लगीन झालं का तुमचं?”

आता हे तुमचं एकाला आदरानं होतं की दोघांना मिळून होतं, ते तिचं तिला ठाऊक. “नाही,” मी म्हणालो. दोन वर्षं ज्याला त्याला सांगितलेलं तेच जुनं नाही. आणि माझं ते पुरं व्हायच्या आत पलीकडून, ट्रेमध्ये माती पसरता पसरता, मान वर न करता तेजस्विनी म्हणाली,

“नाही अजून.”

अजून! माझं पेन थांबलं. डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते वेडपट हसण्याबरोबर आलं, आणि मी रजिस्टरवर वाकलो, तर गट नंबर एकाचा दुसराच पडला होता.

“आकडा नीट काढ बाबा,” ठकूबाई म्हणाली, “दुसऱ्याच्या वावराचं आवशीद माज्या कांद्याला नको.”

“काढतो, आजी,” मी म्हणालो, आणि खोडून परत लिहिला.